देशकालाचा उच्चार

देवस्थानच्या पत्रिकेत परदेशच्या परवान्यांची कथा कशासाठी, असे एखादा वाचक विचारील, आणि त्याचे विचारणे अगदीच गैर म्हणता येणार नाही. उत्सवाचा जमाखर्च, पालखीची वेळ, सभामंडपाच्या कौलांसाठी जमलेली वर्गणी हे या पानांचे नित्याचे विषय होत. परंतु आमचे वडील पुजारी आहेत, आणि देवीपुढे जे गाऱ्हाणे घातले जाते ते त्यांच्या तोंडून घातले जाते. तबक धरून मागे उभे राहताना आम्हांस ते ऐकू येते. पूर्वी गाऱ्हाण्याचे विषय ठरलेले असत: आजार, विवाह, संतती, भावाभावांतील जमिनीचा तंटा. आता त्यांत एक नवा विषय शिरला आहे. मुलगा परदेशी आहे, कमावतो, प्रकृतीही ठीक आहे. पण तेथे त्यास कायमचे राहू देतील की नाही, हे अद्याप ठरलेले नाही. 'माये, तेवढा कागद होऊ दे,' एवढेच मागणे असते. जो विषय देवीच्या कानी रोज जातो तो तिच्या पत्रिकेत आला, तर त्यात वावगे काय?

गोमंतकीयांच्या बाबतीत या कागदाची जातकुळी थोडी निराळी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना, तसेच त्यांच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालचे राष्ट्रीयत्व मिळविण्याची वाट तेथील कायद्याने खुली ठेवली आहे. त्यासाठी जन्माची जुनी नोंद शोधून ती लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवून घ्यावी लागते. मग पोर्तुगालचा पासपोर्ट. आणि ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर त्या पासपोर्टावर सरळ इंग्लंडात जाऊन काम करता येई. लंडनच्या साउथॉलमध्ये आणि स्विंडन नावाच्या शहरात आमच्या लोकांची मोठी वस्ती झाली ती अशी. बहुतेक सासष्टी-बार्देशचे ख्रिस्ती बांधव. पण पेडणे-डिचोलीचे हिंदूही त्यात आहेत. पुढे ब्रिटन संघातून बाहेर पडले. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी जे तेथे राहावयास आले होते त्यांनाच राहू देण्याचे ठरले. ज्यांची पाच वर्षे भरली होती त्यांना कायम दर्जा, ज्यांची भरली नव्हती त्यांना तात्पुरता. तात्पुरत्याचा कायम होण्यास पाच वर्षे सलग वास्तव्य हवे; आणि सलग याचा अर्थ असा की, कोणत्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहावयाचे नाही.

आमचा आतेभाऊ अशा तात्पुरत्यांपैकी एक होता. आत्याबाईंचा जन्म १९५७ सालचा, याच गावचा. ज्या माउलीने कोलवाळचा पूल आयुष्यात मोजक्या वेळा ओलांडला, तिचे नाव लिस्बनच्या दप्तरात चढले, याचे तिला फार हसू येई. (अशा नोंदीने भारतीय नागरिकत्वाचे काय होते, हा वाद वकिलांचा आहे, आम्ही त्यात शिरत नाही.) मुलाने भारताचा पासपोर्ट परत केला, कारण आपला कायदा दोन नागरिकत्वे मानीत नाही, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात तो स्विंडनला गेला. एका गोदामात रात्रपाळीचे काम मिळाले. चौघांत मिळून एक घर. तेथे त्याने पलंग घेतला नाही, जमिनीवर अंथरुण घाली. आईने दिलेली देवीची तसबीर पेटीतच गुंडाळलेली राहिली. भिंतीस खिळा का मारीत नाहीस, असे आम्ही एकदा दूरध्वनीवर विचारले, तेव्हा तो म्हणाला, 'कागद झाला की लावू.' त्याच्या पुष्कळ गोष्टी त्या एका वाक्याआड थांबल्या होत्या. तेथली भाषा नीट शिकणे, विवाह, पाठदुखीचा उपचारसुद्धा.

२०२३ च्या आरंभी आत्याबाईंचे दुखणे असाध्य ठरले. आत्याबाई विधवा, आणि हा एकुलता एक. १५ जानेवारीस तो मोपाच्या नव्या विमानतळावर उतरला. विमानतळ सुरू होऊन तेव्हा दहा दिवस झाले होते. ओ. सी. आय. कार्ड त्याच्यापाशी होते, त्यामुळे येथे राहण्यास आडकाठी नव्हती. त्याने आईची सेवा केली ती पाहून गावच्या बायाबापड्यांनी तोंडात बोटे घातली. अंघोळ घालणे, भरविणे, रात्र रात्र उशाशी बसणे, काही म्हणून त्याने दुसऱ्यावर टाकले नाही. परंतु माजघरातील दिनदर्शिकेवर रोज एक रेघ ओढलेली असे. आत्याबाईंना अखेरपर्यंत दिसत होते. त्या रेघा त्यांनाही दिसत असतील. ८ जुलै रोजी, एकशे चौऱ्याहत्तराव्या दिवशी, तो परत गेला. त्यानंतर विसाव्या दिवशी, अधिक श्रावण शुद्ध दशमीस, आत्याबाई गेल्या. त्याच्या हिशेबात सहा दिवस उरले होते. त्यांतले दोन प्रवासात जाते. तो आला नाही. अग्नी आम्ही दिला, आणि पुढील दिवसांचे पिंडदानही आमच्या हातून झाले.

त्या दिवसांत आम्ही त्यास फार कठोर बोललो. तोंडावर नव्हे, घरात. कागदासाठी आईस सोडणारा पुत्र, अशा अर्थाचे काहीबाही आम्ही बोलून गेलो आणि वडिलांनी ते ऐकून घेतले, उत्तर दिले नाही. राग हा विचार करण्याचे श्रम वाचवितो, म्हणून तो आवडतो. पुढे बारावे-तेरावे आटोपल्यावर, राग निवला नव्हता तरी, तो नियम काय आहे हे एकदा स्वतः वाचून पाहावे असे आमच्या मनाने घेतले. आमचे शिक्षण बारावीपर्यंतचे. सरकारी इंग्रजी वाचावयास आम्हांस दोन रात्री लागल्या.

आणि काय आढळले? सहा महिन्यांचा नियम खरा. परंतु त्यास लागूनच असे लिहिले होते की, गंभीर आजार, बाळंतपण, शिक्षण यांसारख्या महत्त्वाच्या कारणासाठी एकदा बारा महिन्यांपर्यंतची गैरहजेरी चालू शकेल. मातेचा आजार त्यात बसला असता की नाही, हे अर्ज केल्यावाचून कळले नसते; पण दार तेथे होते. शिवाय तो येथे येण्याच्या आदल्याच महिन्यात, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये, तेथील उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, तात्पुरता दर्जा असलेल्याने दुसरा अर्ज वेळेत केला नाही, एवढ्याच कारणाने त्याचा राहण्याचा हक्क बुडत नाही. आम्ही हे त्यास सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला की, त्या अपवादाविषयी त्याने ऐकले होते. पण ज्यास विचारले त्याने 'जोखीम नको' असे सांगितले, आणि त्याचेही मन तेच सांगत होते.

येथे आमचा राग ओसरला आणि त्याच्या जागी दुसरेच काही आले. प्रतीक्षेत असलेला मनुष्य कायदा पाळतो एवढेच नव्हे, तो मनात एक दुसरा कायदा रचतो, आणि तो लिहिलेल्या कायद्याहून कठोर असतो. ज्याच्या हाती आपले भवितव्य आहे तो कशाने रागावेल हे ठाऊक नसल्यामुळे, तो कशानेही रागावेल असे धरून चालावे लागते. पाच वर्षे कशाला, पन्नास वर्षे थांब म्हटले आणि ती निश्चित असली, तर मनुष्य त्यांत घर बांधील. अवधीचा जाच थोडा, अनिश्चिततेचा फार.

आणि ही अनिश्चितता केवळ मनाची नव्हे. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून, इतर देशांतून कामासाठी आलेल्यांच्या कायम वास्तव्याची सर्वसाधारण मुदत पाचांवरून दहा वर्षे करावी असे सुचविले; त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, ही मुदत आधीच येऊन राहिलेल्यांनाही लावण्याचा प्रस्ताव पुढे आला. चार वर्षे मोजलेल्या माणसास याचा अर्थ काय होतो, हे ज्याने रेघा ओढल्या आहेत त्यालाच कळेल. पोर्तुगालातही २०२४ साली परदेशी लोकांची सुमारे चार लाख प्रकरणे तुंबलेली होती. अमेरिकेची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे नोकरीच्या आधारे वर्षास सुमारे १,४०,००० जणांना कायम वास्तव्य द्यावयाचे आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्यास त्यांतील साधारण सात टक्क्यांहून अधिक जाऊ द्यावयाचे नाही, असा नियम आहे. देश लहान असो वा भारताएवढा. तेथील परराष्ट्र खाते दरमहा एक पत्रक काढते, त्यात कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांची पाळी आली ते असते, आणि ती तारीख कधी कधी पुढे न जाता मागे जाते. आमच्या पंचांगात अधिक मास येतो, तिथीचा क्षय होतो, पण काल मागे गेल्याचे आम्ही पाहिले नाही. तेथे मूल एकवीस वर्षांचे झाले की बहुधा बापाच्या अर्जातून गळते. रांगेतच ते मोठे झालेले असते.

थांबावयास लावणे हाच अपराध, असे मात्र आम्हांस वाटत नाही. आमच्याकडे प्रसाद लावतात तो वाचकांनी पाहिला आहे. देवीच्या अंगावर ओले कळे लावावयाचे, प्रश्न सांगावयाचा, आणि उजवा पडतो की डावा हे पाहत बसावयाचे. कधी घटकाभरात उत्तर मिळते, कधी दुपार टळते. विवाह अडलेला असतो, शस्त्रक्रियेचा दिवस जवळ आलेला असतो, आणि कळा हलत नाही. तरीही त्या बसण्याने कोणी अपमानित होऊन उठल्याचे आम्हांस आठवत नाही. आम्ही लहानपणी समजत होतो की, श्रद्धेमुळे असे होते. आता वाटते, त्यास दुसरेही एक कारण असावे: प्रश्न विचारणाऱ्याबरोबर पुजारीही उपाशी बसलेला असतो. उत्तर मिळेपर्यंत वडील जेवावयास उठत नाहीत. कचेरीने उपाशी बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण तुझा अर्ज आम्हांस दिसतो आहे, अमुक दिवशी तो हाती घेऊ, एवढे सांगणे काही राज्य बुडविणारे नाही. घरमालकास आपल्या घरात कोणास घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार आहे, हे आम्ही मान्य करतो. मात्र ज्याच्या रात्रपाळीचे श्रम घेतले, ज्याच्याकडून कर घेतला, त्यास ओसरीवर उभे ठेवून दार किलकिले ठेवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

गावच्या वृद्धांना अशी प्रतीक्षा अपरिचित नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीस सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, सरहद्द आवळली गेली, आणि सावंतवाडीकडे दिलेल्या पेडण्याच्या मुलींना माहेर दुरावले. ते १९६१ च्या डिसेंबरात संपणार, हे तेव्हा कोणास ठाऊक होते? त्या काळच्या आज्या अजूनही एखाद्या सणाची आठवण सांगताना 'वाट बंद होती तेव्हाचे' असे म्हणतात, आणि पुढे काही बोलत नाहीत.

हे सारे परक्या सरकारांविषयी लिहिताना लेखणी सहज चालते. आता जे लिहावयाचे ते थोडे जड जाते. आपल्या भाटांतून मुंडकार राहतात. आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून राहतात. माड त्यांनी शिंपले, राखण त्यांनी केली. घर त्यांचे, पण पायाखालची जमीन भाटकाराची, आणि कित्येक ठिकाणी ती देवस्थानचीही असते. १९७५ साली गोवा, दमण व दीवच्या विधानसभेने मुंडकारांस घालवून देण्यापासून संरक्षण देणारा कायदा केला. गावात घर व भोवतालची तीनशे चौरस मीटरपर्यंत जमीन विकत घेण्याचा हक्क त्यास मिळाला. पन्नास वर्षे लोटली. तरीही नोंदणीचे आणि खरेदीचे दावे वर्षानुवर्षे पडून आहेत, आणि त्यांतील किती आमच्यासारख्यांनी तारखांमागून तारखा मागून पाडून ठेवले आहेत, हे ज्याचे त्याने आठवावे. आमच्या शेजारच्या एका मुंडकाराच्या घरावरची कौले गेली तीन पावसाळे फुटकी आहेत. का बदलीत नाहीस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, 'कागद जाल्यार पळोवया.' आतेभावाचेच वाक्य, अगदी त्याच स्वरात. आम्ही स्विंडनच्या वाक्यावर हळहळलो होतो; हे वाक्य मात्र आमच्या कुंपणापलीकडे कधीपासून होते कोण जाणे, आम्ही ते ऐकले नव्हते. महाजनांच्या सभेत देवस्थानच्या जमिनीवरील मुंडकारांचे दावे आपण होऊन मिटवावेत, असा विषय कोणी मांडील तर आम्ही त्याच्यामागे उभे राहू. पुजाऱ्याच्या मुलाने हे बोलणे कोणास मर्यादेबाहेरचे वाटेल, वाटो.

राहता राहिला प्रश्न थांबणाऱ्याचा. त्याने काय करावे? सोसावे, की परत यावे? देवांच्याही वाट्यास स्थलांतर आले, हे गोमंतकात कोणास शिकवावे लागत नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, सासष्टी, बार्देश येथील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी मूर्ती व लिंगे उचलली आणि खाड्या ओलांडून अंत्रुज, डिचोली, पेडणे या बाजूंस आणली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्व्यास आला आणि शिवछत्रपतींनी १६६८ साली त्याच्या देवळाच्या उभारणीची आज्ञा दिली, तोवर शंभरांहून अधिक वर्षे होऊन गेली होती. त्या शंभर वर्षांत काय झाले असेल? आरंभी सर्वांना वाटले असेल, हे दोन-चार पावसाळ्यांचे आहे, मग परत जाऊ. त्या आशेवर कितीजण म्हातारे होऊन गेले असतील. पण देऊळ पक्के होईल तेव्हा नैवेद्य दाखवू, असे कोणी म्हटले नाही. छपराखाली का होईना, आल्या दिवसापासून दिवा लागला, अभिषेक झाला. अर्थात देवास गैरहजेरीचा हिशेब द्यावयाचा नव्हता, आणि मागे आजारी आईही नव्हती; दृष्टांत एवढ्यापुरताच घ्यावा.

आमच्याही घरी तसा कागद आहे. आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा. नातू म्हणून वाट आम्हांसही मोकळी आहे. समवयस्क विचारतात, अजून अर्ज का केला नाहीस? पूजेच्या पाळीवर घर चालत नाही, हे त्यांना दिसते आणि आम्हांसही दिसते. आम्ही अद्याप ठरविलेले नाही. म्हणजे आम्हीही एका अर्थी थांबलेलेच आहोत, फक्त आम्हांस थांबविणारे दुसरे कोणी नाही. आतेभावास दोष देणे आम्ही सोडले त्यात याचाही वाटा असेल.

त्याचा कागद २०२५ च्या आरंभी झाला. ते कळविताना तो 'झाला' एवढेच म्हणाला. त्याच वर्षी जुलैत तेथील नियम सैल झाला: गेल्या साठ महिन्यांत एकूण तीस महिने वास्तव्य असले तरी तात्पुरत्याचा कायम होऊ शकेल, असे ठरले. ही बातमी आम्ही त्यास सांगितली नाही. त्यास ती कळली असणारच.

पण सांगावयाचे ते त्याआधीचे आहे. २०२४ च्या श्रावणात आत्याबाईंचे वर्षश्राद्ध आले, तेव्हा त्याचे पाचवे वर्ष भरावयाचे होते. येथे आम्ही विधी केला. पण निदान तिलोदक आपल्या हातून पडावे, अशी त्याची इच्छा होती. आमच्याकडे सकाळचे साडेनऊ झाले होते, तेथे पाच. रात्रपाळीहून येऊन, अंघोळ करून, तो स्वयंपाकघरात स्टीलचे ताट पुढे घेऊन बसला होता. वडील दूरध्वनीवरून सांगत होते. वाचक जाणतात की, कोणतेही कर्म संकल्पावाचून होत नाही, आणि संकल्पात आधी देशकालाचा उच्चार करावा लागतो: कोणते द्वीप, कोणता खंड, कोणता देश, कोणत्या नदीचे कोणते तीर, मग संवत्सर, मास, तिथी. काल सांगून झाला. देशाशी तो अडला.

'मामा, देश कोणता म्हणू? येथे अजून माझे काही ठरलेले नाही. भारताचा पासपोर्ट दिला. पोर्तुगालात मी आठ दिवससुद्धा राहिलो नाही.'

वडील क्षणभर थांबले. आम्हांस वाटले, ते शास्त्राधार शोधीत आहेत.

'तुझ्या गावाजवळून नदी कोणती जाते?' त्यांनी विचारले.

त्यास ठाऊक नव्हते. जवळजवळ पाच वर्षे तो त्या गावात होता. 'थांबा हं, पाहतो,' म्हणून त्याने नकाशा काढला. बराच वेळ ताटातल्या पाण्यावर दिव्याचा उजेड तेवढा हलताना आम्हांस दिसत होता.

'थेम्स,' तो म्हणाला. 'गावाच्या उत्तरेस आहे. काही मैलांवर.'

'म्हणजे तू दक्षिण तीरावर आहेस,' वडील म्हणाले. 'तसे म्हण.'

त्याने म्हटले. नदीचे नाव विभक्तीत नीट बसेना, तेव्हा वडिलांनी ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले, आणि मग पाणी सोडावयास सांगितले.